पाच मिनिटं ५८००: छोट्या विमानाचं इंजिन कसं सांभाळतात

दोन सीटच्या छोट्या विमानात बसलं की समोर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा दिसतो. इंजिन १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ असेल, तर त्या तबकडीवर ५५०० पर्यंत हिरवा पट्टा असतो, तिथून ५८०० पर्यंत पिवळा आणि ५८०० वर लाल रेघ. इंजिनाच्या पुस्तकात या पिवळ्या पट्ट्याबद्दल एक छोटीशी ओळ असते: ५८०० आरपीएम, जास्तीत जास्त ५ मिनिटं. नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला इथे हमखास एक प्रश्न पडतो. सहाव्या मिनिटाला काय होतं?

बहुतेक वेळा काहीच होत नाही. धूर येत नाही, आवाज बदलत नाही, विमान तसंच चढत राहतं. म्हणून तर ही मर्यादा लोकांना कळत नाही. दोरी अमुक वजनाला तुटते, तशी ही रेघ नाही. ही रेघ खर्चाची आहे. दिवाळीत करतो तो खर्च कोणी रोज करायला लागला, तर पहिल्या आठवड्यात घरात काही जाणवणार नाही. कळतं ते वर्षअखेरीला. इंजिनाचंही तसंच. पूर्ण ताकदीवर जी उष्णता तयार होते, ती चढणाऱ्या विमानाच्या कमी वेगात, नाकातून येणाऱ्या तेवढ्याशा हवेला वाहून नेता येत नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंगं आणि तेल मिनिटागणिक तापत जातात. मिनिटाला ८०० फूट चढणारं विमान ५ मिनिटांत ४००० फुटांवर पोचतं, म्हणजे जिथे पूर्ण ताकद खरोखर लागते तो भाग तोवर संपलेला असतो. मग ५५०० वर या. तिथे कितीही वेळ चालवा, कंपनीची हरकत नाही.

हे सगळं मी ९१२ च्याच उदाहरणावरून सांगणार आहे, कारण जगातल्या लाइट स्पोर्ट विमानांत सर्वांत जास्त दिसणारं इंजिन हेच. ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्खेन गावात रोटॅक्सचा कारखाना आहे, आणि ९१२ तिथून १९८९ पासून बाहेर पडतंय. अमेरिकेने २००४ मध्ये ‘लाइट स्पोर्ट’ असा वेगळा वर्ग केला, जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला तेव्हा वजनाची मर्यादा ६०० किलो, सीट दोन, इंजिन एक. त्या साच्यात हे हलकं इंजिन अगदी चपखल बसलं. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधले कॅडेट ज्या छोट्या ‘गरुड’ विमानात पहिल्यांदा उडतात, ते स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं व्हायरस एसडब्ल्यू ८०, आणि त्याच्या नाकात ९१२ चाच ८० हॉर्सपॉवरचा भाऊ असतो. सीमेवर टेहळणी करणाऱ्या हेरॉन ड्रोनमध्येही याच घराण्यातलं टर्बो लावलेलं ९१४ असतं.

जुन्या विमानांच्या फिटरला हे इंजिन दाखवलं तर तो आधी नाक मुरडतो. त्याची सवय कॉन्टिनेंटल ओ-२०० सारख्या इंजिनांची. तेही १०० हॉर्सपॉवरचंच, पण सुमारे ३.३ लिटरचं, आणि ती ताकद २७५० आरपीएमला देणारं. ९१२ चा १०० हॉर्सपॉवरचा प्रकार जेमतेम १.३५ लिटरचा आहे. एवढ्याशा जीवातून तेवढीच ताकद काढायची, तर दुप्पट वेगाने फिरावंच लागणार. ‘मोटारसायकलचं इंजिन आहे हे,’ असं तो म्हणतो. ते खोटं नाही, पण त्यात टोमणाही नको. पिस्टनची ये-जा, म्हणजे स्ट्रोक, फक्त ६१ मिलिमीटर. त्यामुळे ५८०० वरही पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटरच्या आतच राहतो. ओ-२०० मध्ये तो ९ च्या आसपास असतो. फरक आहे, पण आरपीएमच्या आकड्याकडे बघून वाटतो तेवढा नाही.

अडचण येते प्रोपेलरची. १.७ मीटर व्यासाचा प्रोपेलर थेट ५८०० आरपीएमने फिरवला, तर त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला ५०० मीटरच्या पुढे जाईल. ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास. त्याच्या पुढे गेलेलं पातं नुसती बोंब मारतं, ओढत काही नाही. म्हणून इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये गिअरबॉक्स आहे. १०० हॉर्सपॉवरच्या इंजिनात इंजिनाचे २.४३ फेरे म्हणजे प्रोपेलरचा एक फेरा. ५८०० चे होतात साधारण २३९०, आणि टोकाचा वेग येतो २१३ मीटरवर. हा गिअरबॉक्स लक्षात ठेवा. पुढच्या निम्म्या नियमांचं मूळ त्याच्यातच आहे.

पहिला नियम तर इतका उलटा आहे की ऐकणाऱ्याला वाटतं सांगणारा चुकला. ९१२ ला कमी आरपीएमवर चालवणं म्हणजे त्याला जपणं नव्हे. इंजिन १४०० च्या खाली सुस्त फिरत ठेवू नये, कारण त्या वेगाला चार सिलिंडरांचे धक्के सुटेसुटे होतात आणि गिअरचे दात एकमेकांवर आपटतात. विमानाजवळ उभं राहिलं तर तो खडखडाट ऐकू येतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. थ्रॉटल (विमानाचा ॲक्सिलरेटर) पूर्ण उघडा आणि आरपीएम मात्र ५२०० च्या खाली, असं चालवायचं नाही. घाटात चौथ्या गिअरमध्येच गाडी दामटली की ती जशी कण्हते आणि इंजिनातून टकटक येते, तीच ही अवस्था. ठिणगीने पेटवलेली ज्वाळा पोचण्याची वाट न पाहता सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण एकदम भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घण बसतात. गाडीत आपण गिअर खाली टाकतो. विमानात प्रोपेलरची पाती ज्या कोनात बसवली असतील, तोच तुमचा गिअर. वेग वाढवायच्या हव्यासाने कोणी पाती जास्त तिरकी बसवली, की इंजिन आयुष्यभर चौथ्या गिअरमध्ये घाट चढत राहतं. आणि काटा तर नेहमीच हिरव्यात! मालकाला वाटतं आपण किती सांभाळून चालवतोय.

एकदा सपाट उडायला लागलं की मग सगळं निवांत. ७५ टक्के ताकद ५००० आरपीएमला मिळते आणि तासाला साडेअठरा लिटर पेट्रोल जातं. टेकऑफला हाच आकडा २७ लिटर असतो. गाडीशी तुलना करणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की सपाट हायवेवर जाणारी कार तिच्या ताकदीचा लहानसा वाटाच वापरते. तासन्‌तास ७५ टक्क्यांवर चालणं कारच्या इंजिनाच्या नशिबी येत नाही.

आता तेलाकडे येऊ. या इंजिनाची तब्येत मला विचाराल तर तेलाच्या दोन काट्यांवर कळते. तापमान आणि दाब.

सुरू केल्यावर १० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर इंजिन बंद करायचं. दिसला, की २००० आरपीएमवर दोन मिनिटं, मग २५०० वर, तेल ५० अंश होईपर्यंत. महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटेला यात चांगलीच वाट पाहावी लागेल, नागपूरच्या मे महिन्यात अजिबात नाही. ५० अंशांच्या आत टेकऑफ करू नये, याचं कारण तेलाची जागा. ९१२ मध्ये तेल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. ते वेगळ्या टाकीत असतं आणि पंप ते नळीतून ओढून घेतो. थंड, घट्ट तेल नळीतून ओढायचं म्हणजे स्ट्रॉने थालीपिठाचं पीठ ओढण्यासारखं. कमी आरपीएमला जमतं. पूर्ण ताकद दिली की पंपाची भूक वाढते, तेल पुरत नाही, आणि दाबाचा काटा गरज असते नेमकी तेव्हाच खाली येतो. थंड तेलाचा दाब थोडा वेळ ७ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) गेलेला चालतो. एरवी ३५०० आरपीएमच्या वर तो २ ते ५ बारमध्ये असावा. त्याखालच्या आरपीएमला ०.८ पर्यंत उतरला तरी घाबरायचं नाही.

तापमानाची वरची हद्द १०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला १३० अंश, ८० च्या इंजिनाला १४०. पण राहायची जागा ९० ते ११० मध्ये. इथे एक गंमत आहे. जास्त तापणं वाईट, हे कोणालाही कळतं. कमी तापणंही वाईट, हे विमान विकत घेतल्यानंतर दोन वर्षांनी कळतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. खोटं वाटेल, पण रसायनशास्त्राचा हिशेब तसाच येतो, कारण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पिस्टनच्या रिंगांशेजारून निसटलेलं थोडंसं मात्र तेलात उतरतं. उड्डाणाच्या दिवशी तेल एकदा तरी १०० अंशांना पोचलं पाहिजे, म्हणजे ते पाणी उडून जातं. नाही पोचलं तर तेलावर दुधाळ साय धरते आणि आतून गंज सुरू होतो.

यावरून एक सवय मोडायला हवी. पावसाळ्यात विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये उभं असतं. मग मालक दर रविवारी येतो, दहा मिनिटं इंजिन फिरवतो, ‘जिवंत ठेवलं’ म्हणून समाधानाने घरी जातो. त्याने केलं काय, तर तेलात पाणी घातलं आणि ते उडून जाईल एवढं तापवलंच नाही. यापेक्षा नवीन तेल घालून इंजिन एकदा नीट तापवावं, मग हवेच्या वाटा आणि सायलेन्सरचं तोंड बंद करून सप्टेंबरपर्यंत त्याला झोपू द्यावं. कोकणच्या दमट हवेत तर हे नक्कीच.

डोक्यांचं म्हणजे सिलिंडर हेडचं थंड होणं वेगळ्या वाटेने चालतं. ९१२ ची सिलिंडरं हवेने थंड होतात, हेड मात्र पाण्याने; म्हणजे निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल अशा कूलंटने. टाकीच्या झाकणात दाब धरून ठेवायची सोय असते. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याच तत्त्वावर. शिट्टी ढिली असली की डाळ शिजत नाही, आणि झाकण ढिलं असलं की कूलंट लवकर उकळतं. जुन्या हेडमध्ये काटा धातूचं तापमान दाखवायचा. १०० च्या इंजिनाला हद्द १३५, ८० ला १५०. नव्या हेडमध्ये तोच काटा कूलंटचं तापमान दाखवतो आणि हद्द १२० आहे. तुमच्या विमानात कुठलं हेड आहे हे न बघता दुसऱ्याच्या विमानावरचे आकडे पाठ करू नका. नव्या पद्धतीत एक खोच आहे. कूलंट सगळंच गळून गेलं तर सेन्सर कोरड्या पोकळीत राहतो, आणि मग तो जे दाखवेल त्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून उडण्यापूर्वी झाकण उघडून, इंजिन थंड असताना, कूलंट डोळ्यांनी बघायचं.

मे महिन्यात चढताना तेल १२० च्या पुढे सरकायला लागलं तर काय करायचं? नाक थोडं खाली. वेग वाढतो, रेडिएटरमधून हवा जास्त जाते. मग जमलं तर थ्रॉटल कमी. उंची दोन मिनिटं उशिरा मिळेल, तेवढंच.

तेलाची पातळी बघणं हा मात्र सोहळाच आहे. डिपस्टिक काढली, पुसली, बुडवली, बघितली, हे गाडीत चालतं. इथे तेल टाकीत परत ढकलायला दुसरा पंप नाही. इंजिन चालू असताना रिंगांशेजारून निसटलेला वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, दाब तयार करतो आणि तो दाबच तेलाला टाकीत लोटतो. इंजिन बंद केलं की बरंच तेल खाली क्रँककेसमध्ये पडून राहतं. तशीच डिपस्टिक पाहिली तर पातळी कमी दिसते. नवखा माणूस अर्धा लिटर ओततो, आणि पुढच्या उड्डाणात ते जास्तीचं तेल व्हेंटच्या नळीतून विमानाच्या पोटाला माखतं. म्हणून आधी दोन्ही इग्निशन, म्हणजे ठिणगी देणाऱ्या दोन्ही व्यवस्था, बंद करायची, टाकीचं झाकण काढायचं, आणि प्रोपेलर हाताने, इंजिन चालताना फिरतो त्याच दिशेने, सावकाश फिरवत राहायचं. हाताला जोर लागेल तिथे दर वेळी थोडं थांबायचं. थोड्या वेळाने टाकीतून गुडगुड असा ढेकर ऐकू येतो. तेल परत आलं. आता डिपस्टिक. तिच्यावरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत फक्त ०.४५ लिटरचं अंतर आहे, त्यामुळे ‘साधारण मध्यावर’ असं डोळे बारीक करून चालत नाही.

प्रोपेलर उलटा फिरवायचा नाही. उलटा फिरवला की तेलाच्या वाटांमध्ये हवा ओढली जाते. ती व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, तेलाने भरलेल्या हायड्रॉलिक टॅपेटांत शिरली की पुढच्या वेळी इंजिन सुरू होताना व्हॉल्व्ह खडखडतात, आणि त्या खडखडाटात झीज होते. उभं विमान बघायला आलेल्या पाहुण्यांचा हात प्रोपेलरकडे गेल्याशिवाय राहत नाही. तो हात वेळीच धरावा. त्याच्या बोटांसाठीही आणि इंजिनासाठीही.

तेल कुठलं, यावर विमानवाल्यांची हसू येण्याजोगी भांडणं होतात. ‘विमान आहे, विमानाचं तेल घाला’ हे ऐकायला रास्त वाटतं. पण ओ-२०० सारख्या जुन्या इंजिनांना गिअरबॉक्स नसतो. इथे तेच तेल गिअरच्या दातांमध्ये जातं, आणि बहुतेक इंजिनांत गिअरबॉक्समध्ये धक्का बसला की घसरणारा क्लचही असतो. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि ओला क्लच एकाच तेलावर चालतात. अगदी तीच गरज. म्हणून मोटारसायकलच्या दर्जाचं, कंपनीच्या यादीतलं तेल. घर्षण कमी करणारी ‘जादूची’ औषधं त्यात अजिबात घालायची नाहीत, क्लच घसरत राहील.

उड्डाणापूर्वीच्या इग्निशनच्या चाचणीचंही थोडं सांगतो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन स्वतंत्र इग्निशन. ४००० आरपीएमवर एक बंद करून बघायची, मग ती चालू करून दुसरी. एक बंद केल्यावर आरपीएम ३०० पेक्षा जास्त पडू नये, आणि दोन्ही बाजूंच्या पडण्यात ११५ पेक्षा जास्त फरक नसावा. जास्त पडला की लोक काळजी करतात. अजिबात पडला नाही तर मात्र खूश होतात. तिथेच फसतात. काहीच पडलं नाही याचा अर्थ स्विचने ती इग्निशन बंद केलीच नाही. म्हणजे जमिनीवर ‘बंद’ वाटणारं इंजिन प्रत्यक्षात जिवंत असू शकतं, आणि मघाशी आपण तोच प्रोपेलर हाताने फिरवायचं म्हणत होतो.

पेट्रोलचा विषय आपल्याकडे सध्या जरा अवघड झालाय. ९१२ हे मुळात कारच्या पेट्रोलवर चालायला बनवलेलं इंजिन. ८० च्या प्रकाराला किमान ९० ऑक्टेन लागतं, १०० च्या प्रकाराला ९५. इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालतं, असं कंपनी लिहून देते. २०२५ मध्ये आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं. म्हणजे कोपऱ्यावरच्या पंपावरचा कॅन आता मर्यादेच्या बाहेर आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी पुरेसं झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. नेमकं तिथूनच इंजिनाला पेट्रोल जातं. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, आणि जळायला हवाही कमी लागते. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार? तो आपल्या ठरलेल्या जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, तेवढंच सोडतो, आणि मिश्रण पातळ होतं. कारमधला संगणक हे सांभाळून घेतो. कार्बोरेटरवाल्या ९१२ मध्ये संगणक नाही.

मग विमानाचं पेट्रोल, ॲव्हगॅस १००एलएल? इंडियन ऑइलने ते २०२२ पासून देशातच बनवायला सुरुवात केली आहे. इथेनॉल नाही, ऑक्टेनही भरपूर. पण त्यात शिसं आहे, आणि ते लिटरमागे साधारण अर्ध्या ग्रॅमपर्यंत असू शकतं. उंच आरपीएमच्या या छोट्या इंजिनात ते शिसं तेलात उतरतं, करड्या चिखलासारखं टाकीच्या तळाशी आणि गिअरबॉक्समध्ये साचतं, प्लगांवर गोळे धरतं. म्हणून नियम असा की उडण्याच्या वेळेपैकी ३० टक्क्यांहून जास्त वेळ ॲव्हगॅसवर चालवलं तर तेल १०० ऐवजी ५० तासांनी बदला. माझं मत विचाराल तर, आजच्या परिस्थितीत मी दुप्पट तेलाचा खर्च पत्करेन. शिशाचा चिखल दिसतो आणि पुसता येतो. टाकीच्या तळाशी बसलेलं पाणी टेकऑफच्या वेळी कळतं.

देखभालीचं वेळापत्रक कागदावर सोपं दिसतं. नव्या इंजिनाची पहिली तपासणी २५ तासांनी, मग दर १०० तासांनी, किंवा वर्ष झालं तर १०० तास भरायची वाट न बघता. कामांची यादी इथे देत बसत नाही, ती पुस्तकात आहे. त्यातली काही कामं मात्र वाचण्यापेक्षा बघण्यासारखी असतात.

तेलाचा फिल्टर काढून फेकायचा नाही. तो कापायचा. आतला कागद घड्या उलगडून उन्हात धरायचा आणि चमकणारं काही दिसतंय का बघायचं. सोबत चुंबकाचा प्लग असतो, तो काढला की त्याच्यावर बारीक काळसर लोखंडी लव चिकटलेली असते. थोडीशी असायचीच, गिअर आहेत. ती ३ मिलिमीटरपेक्षा जाड साचली किंवा त्यात लांबट किस दिसले, तर विमान उडवायचं नाही, कारण आत काहीतरी सोलवटतंय. सावध माणूस दर वेळचा फिल्टर कागदाच्या पाकिटात तास लिहून ठेवतो. मागचा आणि आताचा शेजारी ठेवले की जे एकट्याने कळत नाही ते कळतं.

दोन कार्बोरेटर आहेत, प्रत्येकी दोन सिलिंडर सांभाळणारे. बैलजोडीतला एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा रेंगाळतो, तेव्हा त्रास जोखडाला होतो. इथे जोखड म्हणजे गिअरबॉक्स. दोघांची ओढ गेज लावून जुळवावी लागते, कानाने नाही. याच कार्बोरेटरात एक उलटी युक्ती आहे. थ्रॉटलची केबल तुटली तर स्प्रिंग थ्रॉटल पूर्ण उघडते. मोटारसायकलमध्ये असं झालं तर जीव जाईल. विमानात इंजिन बंद पडण्यापेक्षा पूर्ण ताकदीवर राहिलेलं परवडतं, धावपट्टीच्या वर आल्यावर इग्निशन बंद करता येते. कार्बोरेटरच्या वाटीत दोन फ्लोट तरंगत असतात. ते पेट्रोल पिऊन जड झाले की पातळीचा हिशेब चुकतो आणि पेट्रोल वाहायला लागतं. म्हणून ते काट्यावर तोलतात, दोन्ही मिळून ७ ग्रॅमच्या आत. सोनाराचं काम वाटतं, पण मिनिटभरात होतं.

आणि वही. लाल रेघ ओलांडली गेली तर किती वर गेली आणि किती वेळ, हे लिहायचं. पाच मिनिटांची सात झाली, तेलाचा काटा १३४ ला टेकला, लिहा. इंजिनाला लाज नसते. वहीतला तो आकडा पुढच्या फिटरला कुठे बघायचं ते सांगतो. न लिहिलेली चूक त्याला प्लग आणि फिल्टरवरून ओळखावी लागते, तोवर खर्च वाढलेला असतो.

पण या सगळ्यात माणसं सर्वांत जास्त फसतात ती तासांत नव्हे, वर्षांत. आताच्या ९१२ ला मोठ्या दुरुस्तीची मुदत २००० तास किंवा १५ वर्षं आहे, जे आधी होईल ते. जुन्या क्रमांकाच्या इंजिनांची मुदत याहून कमी होती, म्हणून इंजिनाचा क्रमांक बघून पुस्तक उघडायचं. २००० तास म्हणजे ५००० आरपीएमने ६० कोटी फेरे, आणि बहुतेक हौशी मालकांचे तेवढे तास १५ वर्षांत होतच नाहीत. त्यांचं इंजिन झिजत नाही, म्हातारं होतं. रबर तर त्याहून आधी. पेट्रोलच्या नळ्या, कूलंटच्या नळ्या, तेलाच्या नळ्या, कार्बोरेटर इंजिनाला धरून ठेवणारे रबरी सॉकेट, आतले पडदे, पेट्रोलचा पंप, हे सगळं दर ५ वर्षांनी बदलायचं, विमान उडालेलं असो वा नसो.

म्हणून कोणी जुनं विमान विकायला काढलं आणि ‘फक्त १८० तास, चौदा वर्षांत, जणू नवीनच’ असं म्हणालं, तर मी पहिल्यांदा तासांची वही मागत नाही. रबर दोनदा बदलल्याची बिलं मागतो. बिलं नसली, की कार्बोरेटरच्या सॉकेटमागे टॉर्च मारतो आणि अंगठ्याने रबर जरासं वाकवतो. भेगा असतील तर तिथेच उघडतात. मग किमतीतून नळ्या, पंप, सॉकेट आणि मजुरी वजा करून बोलणी सुरू करायची.